वजनाच्या ऑपरेशननंतर ताट आधी तिचं



गटांच्या बैठकींना गेलो की एक विषय हळू आवाजात निघतो. कुणाच्या नणंदेचं, कुणाच्या जावेचं, कुणाच्या शहरात दिलेल्या लेकीचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालेलं असतं. ती घरी येते आणि घरातल्या बायका गोंधळतात. हिला काय वाढायचं? किती वाढायचं? कामाला कधी लावायचं? उपास करू द्यायचा का? दवाखान्यातून मिळालेला कागद बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. म्हणून आज आपण तेवढंच बोलू. ऑपरेशन करावं की नाही हा निर्णय त्या बाईचा आणि तिच्या डॉक्टरांचा. आपण बघणार आहोत की ऑपरेशन झाल्यावर पुढं काय.

काही जणी म्हणतील, हा शहरातल्या श्रीमंतांचा विषय, आपल्याला काय करायचं? तर ऐका. २०१९ ते २०२१ या काळात सरकारनं देशभर कुटुंबांची आरोग्य पाहणी केली. तिच्यात खेड्यातल्या दर पाच बायकांमागे जवळजवळ एकीचं वजन जास्त निघालं. वजनासोबत शुगर, बीपी, गुडघेदुखी, पाळीच्या तक्रारी येतात. त्या सगळ्याजणींना ऑपरेशन लागत नाही, पण ज्यांना लागतं त्यांची संख्या वाढते आहे, आणि त्या आपल्याच घरातल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. ऑपरेशन काही तासांत होतं. ते टिकवायचं काम मात्र जन्मभराचं, आणि ते दवाखान्यात कमी, आपल्या चुलीपाशी जास्त होतं. आपल्याकडे बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, उरलंसुरलं खाते, आणि भांडी पडलीत म्हणून भराभर खाते. या ऑपरेशननंतर नेमकी हीच सवय सगळ्यात जास्त नडते.

पोटात काय बदललं?

पुष्कळांना वाटतं, पोटावरची चरबी कापून काढली. तसं नाही. चरबी काढायचं ऑपरेशन वेगळं. हे ऑपरेशन जठराचं, म्हणजे अन्न पहिल्यांदा जाऊन पडतं त्या पिशवीचं असतं. ते दुर्बिणीतून होतं, म्हणून पोटावर चार-पाच छोटी छिद्रंच दिसतात.

आपल्याकडे जास्त करून दोन प्रकार होतात. पहिल्यात जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. उरतं ते केळ्याएवढी लांबट नळी. काढलेल्या भागात भुकेचा निरोप मेंदूला देणारा रस जास्त तयार होतो, त्यामुळे भूकही कमी लागते. दुसऱ्या प्रकाराला बायपास म्हणतात. त्यात जठराच्या वरच्या टोकाला एक लहानशी पिशवी करतात आणि ती लहान आतड्याला पुढं जोडतात. अन्न कमी मावतं आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढं जातं, म्हणून काही जीवनसत्त्वं आणि खनिजं अंगी कमी लागतात.

आपल्या बाईचा प्रकार कोणता, हे घरातल्या दोघा-तिघांना माहीत असावं. ते एका चिठ्ठीवर ऑपरेशनच्या तारखेसकट मराठीत लिहून घ्या आणि तिच्या पाकिटात आधारकार्डाशेजारी ठेवा. ही चिठ्ठी का लागते ते पुढं कळेल.

पहिले सहा ते आठ आठवडे

आतली जखम भरायला वेळ लागतो. त्यामुळे खाणं पायरीपायरीनं वाढवतात. दवाखान्यागणिक दिवस थोडे मागंपुढं होतात, म्हणून तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच धरायचं. साधारण क्रम असा असतो.

पहिले एक-दोन दिवस नुसतं पाणी आणि पातळ, गाळलेलं. त्यानंतर साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ: वरणाचं गाळलेलं पाणी, मुगाचं कढण, ताक, साय काढलेलं दूध, साखर न घातलेलं. मग दोनेक आठवडे मिक्सरमधून काढलेलं मऊ: घोटलेलं वरण, दह्यात कालवलेली गुरगुट्या भाताची दोन-तीन चमचे पेस्ट, कुस्करलेलं अंडं. त्यानंतर मऊ शिजवलेलं जेवण: पिठलं, मऊ उसळ, पनीर, शिजवलेले मासे. दीड-दोन महिन्यांनी ती घरातलं नेहमीचं जेवू लागते, पण प्रमाण वेगळं.

प्रमाण किती? सुरुवातीला एका वेळी चार-पाच चमचे. हे पाहून सासूबाईंचा जीव कळवळतो, आईचा त्याहून जास्त. "एवढ्यानं काय होणार, अजून एक घास घे" असं तोंडून निघतं. मैत्रिणींनो, हा आग्रह पहिल्याच दिवशी बंद करायचा. भरलेल्या पिशवीत एक घास जास्त गेला की छातीत दाटतं, कळ येते, उलटी होते. आग्रह हे आपल्याकडं प्रेम समजतात, पण या बाईवर प्रेम असेल तर तिनं "बास" म्हटलं की वाढणं थांबवायचं.

खायची नवी रीत

लहान वाटी आणि लहान चमचा घ्या. मोठ्या ताटात वाढलं की टाकायचं पाप लागेल म्हणून बाई संपवत बसते. आधीच थोडं वाढलं की टाकायचा प्रश्न येत नाही.

घास करंगळीच्या नखाएवढा, आणि तोंडात अगदी पातळ होईपर्यंत चावायचा. एका जेवणाला वीस ते तीस मिनिटं द्यायची. ताजी मऊ पोळी आणि पाव यांचा आत गोळा होतो आणि अडकल्यासारखं होतं. भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून दिली तर उतरते. भात बऱ्याच जणींना पहिले काही महिने जड जातो.

जेवताना पाणी प्यायचं नाही. जेवणाआधी आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी बंद. मधल्या वेळात मात्र दिवसभर घोट घोट पीत राहायचं, दिवसाला दीड ते दोन लिटर. एकदम तांब्या तोंडाला लावता येत नाही. म्हणून बाटली जवळ ठेवायची, शेतावरही न्यायची. लघवी गडद पिवळी झाली, चक्कर आली, की पाणी कमी पडतंय समजा. उन्हाळ्यात याकडं जास्त लक्ष द्यायचं.

आधी प्रथिनं, मग भाकरी

पोट लहान झालं, म्हणजे त्यात काय जातं याला किंमत आली. चार घासांचीच जागा असेल तर पहिले दोन-तीन घास प्रथिनांचे हवेत. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर अंगातलं मांसही झिजतं, थकवा येतो, जखम उशिरा भरते, केस गळतात.

दिवसाला साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं लागतात. हा आकडा मोठा वाटतो. आपल्या स्वयंपाकघरातून तो कसा भरतो ते बघा. ऑपरेशनला काही महिने होऊन गेले आहेत असं धरू. एक पेला दूध, साधारण सहा ग्रॅम. दोन उकडलेली अंडी, बारा ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण, सात. पन्नास ग्रॅम पनीर, नऊ. वाटीभर दही, पाच. सोयाबीनच्या सुक्या वड्या पंचवीस ग्रॅम घेऊन शिजवल्या तर तेरा. वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ, आठ. झाले साठ. हे सगळं पाच-सहा वेळात वाटून द्यायचं. ज्या घरी चालतं तिथं कोंबडी आणि मासे आहेतच. हुलग्याचं माडगं, कुळथाचं पिठलं, भाजलेले फुटाणे हेही कामाचे. सुरुवातीच्या महिन्यांत एवढं खाणं जमत नाही, म्हणून डॉक्टर प्रथिनांची पावडर देतात. ती मुलांनी संपवायची नाही, ती तिचं औषध आहे.

आता आपल्या घरात काय होतं ते आठवा. अंडं मुलाला, दुधाची साय नवऱ्याला, उसळीतला घट्ट भाग सासऱ्यांना, आणि बाईच्या वाट्याला रस्सा आणि भाकरी. ऑपरेशन झालेली बाई तोच रस्सा आणि भाकरी खात राहिली तर वजन उतरेल, पण ती कुपोषित होईल. बारीक झाली म्हणून सगळे कौतुक करतील आणि आतून ती खचत जाईल. म्हणून आम्ही म्हणतो, या घरात तिची वाटी आधी वाढा. ती आधी बसेल, सावकाश जेवेल, आणि मग बाकीच्यांना वाढायला उठेल किंवा उठणारही नाही. दुसऱ्या कुणीतरी वाढावं.

गोड खाल्लं की घाम का फुटतो?

बायपास झालेल्या बाईनं लाडू, बासुंदी, सरबत किंवा गोड चहा एकदम घेतला, तर अर्ध्या तासाच्या आत घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. साखर पोटात न थांबता सरळ आतड्यात उतरते म्हणून हे होतं. दुसऱ्या प्रकारातही काही जणींना होतं. कधी कधी खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरते, मग हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. याला बाहेरची बाधा, नजर समजून वेळ घालवू नका. काय खाल्लं होतं ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

ज्यांना असा त्रास होत नाही त्यांनीही सावध राहायचं. दिवसातून पाच-सहा वेळा दोन चमचे साखरेचा चहा, येता-जाता फरसाण, हे मऊ आणि विरघळणारं अन्न लहान पोटातूनही सहज उतरतं. पोट भरत नाही आणि वजन परत चढतं.

गोळ्या जन्मभर

ही गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. बाई बरी दिसू लागली, की "आता कशाला गोळ्या?" म्हणून डबी फळीवर जाते. या गोळ्या आजाराच्या नाहीत. लहान पोट आणि बदललेलं आतडं जे घेऊ शकत नाही, ते बाहेरून द्यायच्या आहेत. त्यात सर्व जीवनसत्त्वांची गोळी, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि बी बारा असतं. बी बारा काहींना गोळीनं, काहींना महिन्याच्या इंजेक्शननं देतात.

आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत ५७ जणींना रक्त कमी असल्याचं त्याच सरकारी पाहणीत दिसलं. पाळी चालू असलेल्या बाईला या ऑपरेशननंतर लोह कमी पडण्याचा धोका आणखी वाढतो. आशाताई देतात त्या गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असतं. ती चांगलीच आहे, पण तिच्यात कॅल्शियम, डी आणि बी बारा नसतं. म्हणून ती घेतली की बाकीच्या बंद, असा हिशेब करू नका.

दोन नियम लक्षात ठेवा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये किमान दोन तास जाऊ द्यायचे. आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. लिंबू पिळलेलं पाणी चालतं.

रक्त तपासणी साधारण तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात होते. पुढं दरवर्षी एकदा, ती कधीच बंद होत नाही. शुगर आणि बीपीच्या गोळ्यांचं उलटं होतं. ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत त्यांची गरज घटू शकते. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर एकदम खाली येईल, आणि मनानंच बंद केल्या तर वर जाईल. म्हणून डोस डॉक्टरांनाच विचारून बदलायचा.

गावच्या दवाखान्यात काय सांगायचं?

आता ती चिठ्ठी. अंगदुखी झाली की आपण मेडिकलमधून लाल-पिवळी गोळी आणतो. या बाईनं, त्यातही बायपास झालेलीनं, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. जोडलेल्या जागी व्रण पडतो, तो रक्त वाहू देतो. मिश्री, तंबाखू आणि विडीनंही तोच व्रण पडतो. दात घासायला म्हणून मिश्री लावणाऱ्या आपल्या कितीतरी बहिणी आहेत. ऑपरेशन झालेलीनं ती सोडलीच पाहिजे. तिच्या एकटीनं सोडणं अवघड जातं, घरातल्या इतर बायकांनीही डबी दूर ठेवली तर जमतं.

दुसरी बाब याहून मोठी. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील, काहीच पोटात राहत नसेल, तर अंगातलं बी वन नावाचं जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं. मग चाल डगमगते, डोळ्यांना एकाचे दोन दिसतात, बाई गोंधळल्यासारखं बोलते. वेळेत उपचार झाला नाही तर मेंदूला कायमची इजा होते. आपल्याकडं अशक्तपणा आला की पहिली धाव सलाईनकडं. पण बी वन न देता साखरेचं सलाईन लावलं तर हा त्रास वाढू शकतो. म्हणून सुई टोचायच्या आधी चिठ्ठी दाखवा आणि स्पष्ट म्हणा, "डॉक्टर, हिचं वजनाचं ऑपरेशन झालंय, इतक्या दिवसांपासून उलट्या आहेत, आधी बी वन द्यायचं का?" असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

या खुणा दिसल्या की थांबू नका

पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणं, विश्रांती घेतानाही नाडी शंभरीच्या वर पळणं, दम लागणं, यातलं काही झालं तर आत गळती असू शकते. एका पायाला सूज आणि पोटरीत दुखणं हे रक्ताची गाठ झाल्याचं लक्षण असू शकतं. काळी शी, रक्ताची उलटी, पाण्याचा घोटही न उतरणं, हेही तसंच. सकाळ होऊ दे, बाजार होऊ दे, असं म्हणायचं नाही. १०८ ला फोन करा आणि ऑपरेशन जिथं झालं त्या दवाखान्यालाही कळवा.

पुढं काही महिन्यांनी जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोराची कळ येऊ लागली तर पित्ताचे खडे असू शकतात. वजन झपाट्यानं उतरताना ते होतात. त्याला पित्त झालंय म्हणून सोडा पिऊन चालणार नाही, सोनोग्राफी करून घ्यावी लागते.

कामाला कधी लागायचं?

चालणं ऑपरेशनच्या दिवसापासूनच सुरू होतं. अंगणात, मग गल्लीत, मग देवळापर्यंत, असं रोज वाढवत न्यायचं. त्यानं पायात गाठी होत नाहीत. पण ओझं उचलायचं नाही. भरलेला हंडा दहा-पंधरा किलोचा असतो. चाऱ्याचा भारा, धान्याचं पोतं, कडेवरचं मूल, हे सगळं साधारण चार ते सहा आठवडे दुसऱ्यांनी करायचं. "बाहेरून तर चारच टाके दिसतात" असं म्हणून तिला पाण्याला पाठवू नका. आतली शिवण लांब असते.

दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं ताकदीचा व्यायाम सुरू करावा. नुसत्या चालण्यानं मांस टिकत नाही. शेतातल्या कामानं अंग दमतं खरं, पण रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठबस करणं, भिंतीला हात लावून ढकलणं, असले साधे प्रकारही उपयोगाचे.

उपास-तापास

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. पहिलं वर्ष तरी उपास नको. चतुर्थी, सोमवार, नवरात्रीचे नऊ दिवस हे लहान पोटाला झेपत नाहीत, कारण संध्याकाळी एकदम जेवून भरपाई करता येत नाही. साबुदाण्यात नुसता पिष्टाचा भाग असतो, प्रथिनं नसल्यासारखीच, आणि तो चिकटही. हरतालिकेचा निर्जळी उपास तर करूच नये. ज्यांना व्रत मोडवत नाही त्यांनी दूध, ताक, दही, शेंगदाण्याचं कूट, राजगिरा यांवर दिवस काढावा आणि गोळ्या, पाणी चालू ठेवावं. घरातल्या मोठ्या बाईनं एकदा म्हटलं, "तुझा उपास मी करते, तू जेव," की पुष्कळ ओझं उतरतं.

दिवस जाण्याबद्दल

वजन उतरलं की पुष्कळ जणींची पाळी नियमित होते. ज्यांना दिवस राहत नव्हते त्यांना राहू शकतात. इथंच घाई होते. डॉक्टर सांगतात, ऑपरेशननंतर किमान बारा ते अठरा महिने मूल नको, कारण बाई झपाट्यानं झिजत असते आणि बाळाला पुरेसं मिळत नाही. "आता बारीक झाली, आता पाळणा हलू दे" असं म्हणणाऱ्या घरानं हे ऐकून घ्यावं.

बायपासनंतर पाळणा लांबवायच्या गोळ्या अंगी नीट लागतीलच याचा भरवसा नसतो. तांबी किंवा निरोधबद्दल डॉक्टरांशी, नर्सताईंशी बोला. पुढं दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीत ऑपरेशनचं सांगा. गरोदरपणात शुगर पाहायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतात. या बाईला त्यानं घाम, चक्कर, जुलाब होऊ शकतात. तिच्यासाठी शुगर तपासायचा दुसरा मार्ग असतो, तो मागून घ्या.

आरसा आणि लोक

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. फणी भरून येतात, बाई रडवेली होते. प्रथिनं आणि गोळ्या नीट असतील तर पुढच्या काही महिन्यांत केस बहुतेक परत येतात. पोटाची, दंडांची कातडी सैल लोंबते. पावसाळ्यात घड्यांमध्ये ओल राहून पुरळ येतं. अंघोळीनंतर ती जागा कोरडी करावी, सुती कपडा वापरावा.

वजन पहिल्या सहा महिन्यांत भराभर उतरतं, मग मंदावतं, साधारण वर्ष-दीड वर्षानं थांबतं. मध्ये काही आठवडे काटा हलत नाही. नंतर थोडं वजन परत येणं हे पुष्कळ जणींच्या बाबतीत होतं. तिनं काही चोरून खाल्लं असं लगेच समजू नका.

आणि लोक. जाड होती तेव्हा बोलत होते, आता म्हणतात, "किती वाळलीस, काही मोठं दुखणं तर नाही ना?" कुणी म्हणतं, "ऑपरेशन करून बारीक झाली, त्यात काय मोठं?" आज आपण जे ऐकलं त्यावरून तुम्हीच सांगा, यातलं सोपं काय आहे? मन दुखलं की पूर्वी जे खाऊन बरं वाटायचं तेही आता खाता येत नाही. काही जणी उदास होतात, एकलकोंड्या होतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदास वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

आपला गट काय करू शकतो?

गटात अशी एखादी असेल तर तिची परवानगी घेऊन चार गोष्टी ठरवता येतात. वर्षाच्या तपासणीला आणि गोळ्यांना पैसे कमी पडले तर अंतर्गत कर्जात त्याला जागा द्यावी, ही गरज खत-बियाण्याइतकीच खरी आहे. तपासणीच्या दिवशी तिच्यासोबत एकीनं जावं. बैठकीत आणि हळदीकुंकवाला पेढ्यासोबत फुटाण्यांची वाटीही ठेवावी आणि कुणी "नको" म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नये. आणि तिच्या अंगाबद्दल बोलायचंच झालं तर "किती उतरलं?" असं विचारण्याऐवजी "जेवलीस का, गोळी घेतलीस का?" असं विचारावं.

बाईनं आधी आणि निवांत जेवायचं, तिच्या वाटीत अंडं, उसळ, दूध असायचं, तिच्या गोळ्यांना घरखर्चात जागा असायची, हे ऑपरेशन झालेलीला लागतं तेवढंच न झालेलीलाही लागतं. तेव्हा आज रात्री जेवणं होतील तेव्हा आपल्या घरात शेवटी कोण बसतं आणि तिच्या ताटात काय उरलेलं असतं, एवढं बघा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू.

तुमचे प्रश्न नेहमीसारखे गटाच्या ताईंकडं लिहून द्या. नमस्कार.